एका थेंबापाशी

ऑटोमॅटिक गिअरची गाडी सपाट जागी उभी आहे. इंजिन तापलेलं आहे, मंद चालू आहे. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

बॉनेट उघडा. घाई नको.

गिअरबॉक्सची डिपस्टिक सावकाश बाहेर काढा. पांढऱ्या कागदावर एक थेंब पडू द्या.

थांबा.

श्वास घ्या. हळूच सोडा.

मीटरवर दोन लाख किलोमीटर उलटून गेले आहेत. गिअरबॉक्सचं ऑईल बदलावं की आहे तेच राहू द्यावं, हे ठरत नाही.

कुणी म्हणतं, "इतकी वर्षं बदललं नाही ना? मग आता हात लावू नका." कुणी म्हणतं, "उद्याच बदला." एखाद्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, हे ऑईल आयुष्यभर पुरेल. गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी मात्र सांगते, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदला.

सगळे आवाज येऊ द्या. जाऊ द्या.

थेंबाकडे परत या.

हे ऑईल नवं असतं तेव्हा बहुतेकदा स्वच्छ लाल असतं. तो रंग मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे गळती कुठली ते जमिनीवरच्या डागावरून ओळखू येतं.

तुमच्या कागदावर कोणता रंग आहे? लाल? कोऱ्या चहासारखा तपकिरी? की काळा?

उत्तराची घाई नको. पाहत राहा.

थेंब निवला की दोन बोटांत घ्या. हलकेच चोळा. गुळगुळीत लागतो, की बारीक कचकच जाणवते?

बोट नाकाजवळ न्या. करपट वास येतो का?

एक श्वास. आणखी एक.

आता मनाने आत उतरा, जिथून हा थेंब आला तिथे.

आत अंधार आहे. क्लचप्लेट जवळ येतात, एकमेकींना धरतात, सोडतात. त्यांना दाबतं ते हेच ऑईल. थंड ठेवतं तेही हेच. बोरघाट चढताना ते तापतं. गर्दीत इंच इंच सरकताना तापतं. त्या तापानेच ते म्हातारं होतं.

गिअर अलगद पडतो. तो अलगदपणा ऑईलमध्ये मिसळलेल्या द्रव्यांमुळे येतो. एके काळी त्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. १९७० च्या दशकात अमेरिकेत देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि ते तेल थांबलं. आज कारखान्यात घडवलेली द्रव्यं ते काम करतात.

तीही वापरून संपतात. हळूहळू. किलोमीटरमागून किलोमीटर.

इथे थोडं थांबा.

मनात भीती असेल. "नवं ऑईल भरलं आणि गिअरबॉक्स बसला" असं कुणीतरी सांगितलेलं असेल.

त्या भीतीकडेही थेंबाकडे पाहता तसंच पाहा.

तिच्यात थोडं खरं आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये गाळ साचलेला असतो. दाबाने फ्लश केलं तर तो सुटून बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. झिजलेल्या प्लेटची पकड आधीच कमी झालेली असते.

आणखीही एक खरं आहे. गिअर घसरू लागल्यावरच पुष्कळांना ऑईलची आठवण होते. प्लेट तेव्हा संपत आलेल्या असतात, आणि बोल नव्या ऑईलला लागतो.

दोन्ही खरं एकत्र राहू द्या. श्वास घ्या.

आता डिपस्टिक परत बसवा, बॉनेट लावा आणि गाडी रस्त्यावर काढा. गाणी बंद. एसी बंद.

ऐका.

पार्कमधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी लगेच प्रतिसाद देते, की क्षणभर अडखळते? गिअर बदलताना झटका बसतो? इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मात्र तिथेच राहतो, असं होतं का?

पुन्हा ऐका. गाडीला जे सांगायचं आहे, ते ती इथेच सांगते.

ऑईल काळं आहे, करपट आहे, गिअर घसरतात: तर हे दुखणं ऑईलने बरं होणार नाही. गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च करायचा की नाही, हे ठरवायचं आहे. ते शांतपणे मान्य करा.

ऑईल तपकिरी झालं आहे आणि गिअर अजून नीट पडतात: तर बदला, पण हळूहळू. खालचा नट काढला की थोडंच ऑईल बाहेर येतं. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. जुन्यात नवं मिसळतं. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेवढंच बदलता येतं.

गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन उघडलं तर आतल्या मॅग्नेटकडे पाहा. करडा, मऊ लेप ही नेहमीची झीज असते. धातूचे तुकडे दिसले, तर पुढचं काही ठरवण्याआधी थांबा.

मन निवलं असेल तर गॅरेजमध्ये जा आणि मिस्त्रींना नीट सांगा: "दादा, फ्लश नको. नट काढून निघेल तेवढंच काढा. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑईल भरा. आणि काढलेलं ऑईल फेकण्याआधी मला दाखवा."