बसू दे

चेन्नईच्या सौकारपेठेत एक गलाईवाला राहत होता. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून तो पोरवयात तिकडे गेला. त्या भागातली कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची, एवढं एकच काम तो जन्मभर करत आला होता.

मुलं हाताशी आली, तशी त्याची जुनी हौस वर आली. त्याला चित्रं काढायची होती. एका रविवारी त्याने जलरंगांची मोठी पेटी घेतली, शाळेची चित्रकलेची वही घेतली आणि मैलापूरच्या कपालीश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसला. डिसेंबर होता. पाऊस नुकताच सरला होता, तळं भरलं होतं, पाण्यावर ऊन चमकत होतं.

त्याने भराभर रंग लावले. पातळ कागद फुगला, सुरकुतला. निळ्यावर हिरवा, हिरव्यावर तांबडा असं करता करता सगळं मातकट झालं. पाणी चमकावं म्हणून त्याने वरून पांढरा रंग दिला, तर तिथे चुना लावल्यासारखं दिसू लागलं.

शेजारी एक म्हातारे चित्रकार बसले होते.  एग्मोरच्या कलाशाळेत चित्रकार पणिक्कर प्राचार्य होते, त्या काळात ते तिथे शिकले होते. ते म्हणाले, "तंबी, सध्या रंग तीनच घे. लाल, पिवळा, निळा. कागद 300 ग्रॅमचा, जाड घे. पाण्याची भांडी दोन ठेव. एकात कुंचला धू, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घे. आणि पांढरा रंग शोधू नकोस. कागद पांढराच आहे. जिथे उजेड हवा, तिथे कुंचला नेऊ नकोस."

पुढच्या रविवारी त्याने तसंच केलं. फळी थोडी तिरकी धरून आभाळाचा निळा हात वरून खाली उतरवला. आभाळ छान आलं. पण एका कोपऱ्यात रंग फिका वाटला. त्याने ओला कुंचला पुन्हा तिथे टेकवला. अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी पसरलं आणि झालरीच्या कडेचा मोठा डाग उठला. तो पुसायला गेला, तर दुसरा उठला.

"ऐया, हे काय झालं?" त्याने शेजारच्या म्हाताऱ्या चित्रकारांना विचारलं.

"ओलं असताना हात लाव, नाहीतर पुरतं वाळल्यावर लाव. मधल्या वेळी नको."

एवढं बोलून ऐया आपल्या चित्राकडे वळले. गलाईवाला खट्टू होऊन घरी आला. या वयात आपल्याला हे जमायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

सोमवारी दुकानात गावाकडून आलेला नवा पोरगा कामाला बसला होता. भांड्यातल्या तेजाबात चांदी विरघळली होती आणि सोन्याचा तपकिरी गाळ हळूहळू तळाशी बसत होता. पोरगा पुन्हा पुन्हा कांडी घालून ढवळून बघत होता.

"ढवळू नकोस रे," गलाईवाला ओरडला. "बसू दे."

बोलला आणि जागीच थांबला.

त्या रविवारी तो पुन्हा तळ्याकाठी गेला. आभाळ रंगवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. समुद्राकाठची दमट हवा, रंग लवकर वाळेना. अधूनमधून तो हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून बघत होता. कागद गार लागला की पुन्हा थांबत होता. गारवा गेला, तेव्हा त्याने गोपूर रंगवायला घेतलं. गोपूर जरा वाकडंच आलं, पण पाणी चमकलं. तिथला कागद त्याने कोरा सोडला होता.

"थांबायला कुणी शिकवलं?" ऐयांनी विचारलं.

"भट्टीनं," तो म्हणाला.

उतारवयात काही नवं शिकायला बसणारा माणूस स्वतःला अगदी कोरा समजतो. तो कोरा नसतो. एक काम मन लावून केलेल्या माणसाकडे धीर असतो, नजर असते, हात कधी आवरायचा याची समज असते. नव्या कामात ती आपोआप येत नाही; तिला आठवणीने बोलवावं लागतं. तेव्हा मनात हौस असेल, तर वयाचा हिशोब करत बसू नका. तीन रंग आणि जाड कागद आणा, आणि आपल्या जुन्या कामाला सोबत घेऊन बसा.