आवड कोणाची, कष्ट कोणाचे?

‘पुढे काय करायचं ठरवलंस?’ पिंपळनेरात बारावी झालेल्या पोराला हा प्रश्न सगळेच विचारतात. आमच्या मोहल्ल्यात त्याचा अर्थ एवढाच, की घरात पैसे कधीपासून येणार? आवड हा शब्द आम्हाला जेवणापुरता ठाऊक होता. कामालाही तो लागू पडतो हे फार उशिरा कळले. तोवर कोणी सुरत गाठली होती, कोणी मालेगाव.

२०१६ साली जालना जिल्ह्यातला अन्सार शेख एकविसाव्या वर्षी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाला. वडील रिक्षाचालक. पुण्यात खोली मिळावी म्हणून त्याला ‘शुभम’ हे नाव सांगावे लागले होते, हेही त्याने जाहीरपणे सांगितले. आम्ही त्याची गोष्ट पोरांना सांगत सुटलो. मात्र त्याच गोष्टीत शाळा सोडून गॅरेजमध्ये राबणारा एक भाऊ आहे. त्याच्यापाशी आम्ही थांबत नाही.

एकाला वाट सापडावी म्हणून दुसऱ्याने ती शोधूच नये, हे न्यायाचे आहे काय? आम्ही त्याला कुर्बानी म्हणतो आणि मोकळे होतो. पण कुर्बानीला नियत लागते, आणि नियतीला समज. शाळकरी पोराने ती कधी केली? बहिणींना तर कोणी विचारतही नाही. त्या घराला दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पोटाचा प्रश्न असतो तिथे निर्णय पोटच घेते. मुसलमान कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, असे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले. त्याला कोणी उद्यमशीलता म्हणेल. आम्ही म्हणतो, दुसरे दार बंद होते.

आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. धाकट्यांच्या शिक्षणासाठी याची शाळा सुटली. इंजिनाला कान लावून तो दुखणे सांगतो, आणि गाडी सुरू झाली की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला समाधानच म्हणावे लागेल. ते खरे आहे. पण म्हणून शाळा सुटली ते बरेच झाले, असे म्हणणे ही आमची चलाखी. समाधान त्याने कमावले. कोणी दिले नाही.

त्याचा मुलगा यंदा दहावीला आहे. पोराला काय करणार, असे आम्ही विचारले. पाना खाली न ठेवता तो म्हणाला,

“उसको पूछो ना. मेरेको कायको पूछते?”