खाडा पडला तरी

पहाटे साडेपाचला गजर होतो, डोळे न उघडताच हात मोबाइलवर जातो आणि गजर बंद. ‘सोमवारपासून व्यायाम नक्की!’ असं पुटपुटत आपण कूस बदलतो. नंतर मात्र ‘आपल्यात जिद्दच नाही’ म्हणून स्वतःलाच बोल लावतो.

जिद्दीचं राहू द्या, आधी सोपा व्यायाम निवडू या, सूर्यनमस्कारांसारखा. सातारा जिल्ह्यातल्या तेव्हाच्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी त्यांचे मोठे पुरस्कर्ते होते. ते स्वतः नेमाने नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते रुजवले. या व्यायामाला ना मैदान लागतं, ना यंत्र. सतरंजीएवढी जागा पुरते. व्यायाम जितका सुटसुटीत, तितक्या सबबी कमी.

सवय अंगवळणी पडायला वेळ मात्र द्यावा लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात त्यासाठी साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. आणि दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवयीची घडी विस्कटली नाही.

तेव्हा खाडा पडला तर खट्टू होऊ नका, फक्त लागोपाठ दुसरा पडू देऊ नका. चालायला जाणार असाल तर रात्रीच बूट-मोजे दाराशी काढून ठेवा. घरीच करणार असाल तर चहाचं आधण ठेवण्याआधी पाच नमस्कार घाला. पाचच! आधी वेळ पक्की होऊ द्या, आकडा मागाहून वाढवता येतो. उत्साहाची वाट पाहत बसू नका. तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या नमस्कारानंतरच येतो.