हक्क फक्त सज्जनांचेच असतात काय?



वस्तीत चोरी झाली, पोलिसांनी कुणाला धरून नेले आणि त्याच्या वतीने एखादा वकील कोर्टात उभा राहिला, की लोक लगेच विचारतात, "चोराची बाजू घ्यायला हा कशाला धावला?" रेल्वे स्टेशनाबाहेर उघड्यावर झोपणारी कुटुंबे हुसकून लावली, तर आपल्यापैकी पुष्कळांना त्यात काही गैर वाटत नाही. ज्याने कायदा मोडला त्याला कसले हक्क? ज्याला घर ना दार त्याला कसले हक्क? असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे धम्माला धरून आहे काय, ते आज तपासून पाहू.

सोलापूरकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. आपल्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. नाव सर्वांच्या तोंडी आहे, अर्थ मात्र नव्या पिढीला ठाऊक नसतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्यात पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती गोवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. रोज हजेरी, बाहेर पडायचे तर पास. कुंपणातली माणसे गिरण्यांत राबली. त्यांनी काय चोरले, कधी चोरले, हे कुणी विचारले नाही. त्या जमातीत जन्माला येणे हाच पुरावा! आम्ही शिक्षक शाळेत हजेरी घेतो ती शिकायला कोण आला हे पाहण्यासाठी. तेथे हजेरी होई ती कोण पळाला हे पाहण्यासाठी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला.

वाचकहो, जन्माने अपवित्र ठरवलेले आपण आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेले ते, यांत फरक किती? आपल्याला अपवित्र ठरवायला धर्मग्रंथ लागले, त्यांना गुन्हेगार ठरवायला सरकारी कागद पुरला. तरीही वर्गात पेन हरवले की मुले आधी पारध्याच्या पोराकडे पाहतात. पाहणाऱ्यांत आपलीही मुले असतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही नजर कोठून आली?

तुम्ही म्हणाल, निरपराध माणसाचे ठीक आहे. पण ज्याने खरोखरच गुन्हा केला त्याचे काय? अंगुलिमाल आठवा. त्याच्या हातून माणसे मेली होती. भगवान बुद्धांनी ते नाकारले नाही. भिक्खू झाल्यावर श्रावस्तीत लोकांनी त्याला दगड मारले, तो रक्तबंबाळ होऊन परतला, तेव्हा हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, सहन कर, असेच त्यांनी त्याला सांगितले. पण त्याचे माणूसपण त्यांनी काढून घेतले नाही. कर्माची जबाबदारी कर्त्यावर राहते. तथापि कर्ता म्हणजे केवळ ते एक कर्म नव्हे. शिक्षा आणि तिरस्कार या दोन गोष्टी धम्म वेगळ्या ठेवतो.

संविधानही त्या वेगळ्या ठेवते. संविधान सभेत १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी एक नवे कलम मांडले. आज ते कलम २२ आहे. अटक झालेल्याला कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीचा वकील गाठता आला पाहिजे, चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले पाहिजे. हे संरक्षण फक्त निर्दोषांसाठी आहे, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. तसे लिहिता येणारही नव्हते, कारण निर्दोष कोण हे ठरायचे असते खटल्याच्या शेवटी. आणि कोर्टाचा निकाल तरी अखेरचा असतो काय? १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे त्या वेळच्या कोर्टाच्या दप्तरी गुन्हेगारच होते. आज आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो.

तुरुंगाच्या भिंतीआड जात संपते, असेही समजू नका. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत झाडलोट अमुक जातीच्या कैद्याने करावी, स्वयंपाक उच्च जातीच्या कैद्याने करावा, असे नियम होते. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरण्याचीही तरतूद होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. कैद्याची बाजू मांडली म्हणूनच अस्पृश्यतेचा हा लपलेला कोपरा उजेडात आला.

बेघरांचीही हीच कथा. मुंबई राज्याने १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा केला. उपजीविकेचे साधन दिसत नाही अशा स्थितीत, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा रीतीने फिरणाराही त्यात भिकारी ठरे. म्हणजे गरिबी दिसली की अटक! दिल्लीलाही लागू केलेल्या या कायद्यातील मुख्य तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथपुरत्या रद्द केल्या. त्याआधी १९८५ साली मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आहे हे मान्य केले. झोपड्या हटवण्याची मुभा मात्र पालिकेला मिळाली. तत्त्व जिंकले, छप्पर गेले. म्हणून ही लढाई संपलेली नाही.

आता सर्वात अवघड प्रश्न. आपल्यावर अत्याचार करणारा, १९८९ च्या कायद्याखाली पकडलेला आरोपी, त्यालाही वकील मिळावा काय? होय, मिळावा. त्याचे म्हणणे ऐकून झालेली शिक्षा अपिलात टिकते, न ऐकता झालेली टिकत नाही. शिवाय आज त्याचे तोंड बंद करण्याची सत्ता आपण पोलिसांच्या हाती दिली, तर उद्या वस्तीतून आपली पोरे उचलून नेताना तीच सत्ता वापरली जाईल. आपल्याला त्याची शिक्षा हवी आहे, सूड नको.

हे नुसते ऐकून सोडू नका. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतला कोणीही, यांना विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा, फोन १५१००. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला जामिनावर सोडावे लागते. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले कैदी तेवढे वगळले आहेत. येत्या पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर हे लिहून ठेवा. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, हे वाचून दाखवा.

जय भीम.