नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजवर दोनच पोल शंभर टक्के मतदानाने पार पडलेत. शुक्रवारी बिर्याणी कुठून मागवायची, हा पहिला. कुत्र्याच्या पिल्लाचं नाव काय ठेवायचं, हा दुसरा. या दुसऱ्या पोलमध्ये मी दिलेलं मत मला अजून टोचतंय, म्हणून हा लेख.

२ ऑक्टोबर २०२४. गांधी जयंतीची सुट्टी, वार बुधवार. टीममधले सात जण दोन गाड्या करून दाभोशाचा धबधबा बघायला आले होते. मी यजमान होतो, कारण माझं घर तिथून जवळच्याच एका पाड्यावर आहे. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर लेंडी नदी सुमारे ३०० फूट खाली उडी घेते, तो हा दाभोसा. पाऊस सरत आला की पाणी स्वच्छ होतं आणि मुंबई-ठाण्याच्या गाड्या वाढतात. गाड्या लावायच्या जागेजवळ चहा-भजीची टपरी होती. तिच्या ताडपत्रीखाली तीन पिल्लं एकमेकांवर रेलून झोपली होती. टपरीवाली मावशी म्हणाली, “न्यायचं असंल तर न्या. दोन बिबट्यानं नेली.” एका सहकाऱ्याने खरंच एक उचललं. काळसर तपकिरी, पोट फुगलेलं, एक कान उभा आणि एक पडलेला.

परतीच्या वाटेवर पोल सुरू झाला. ब्रुनो, सिंबा, मोमो, लाटे. मग कुणीतरी विचारलं, “आज वार काय?” “बुधवार.” “मग बुध्या! रॉबिन्सन क्रूसोसारखं!” हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. आठपैकी आठ मतं बुध्याला.

त्यातलं आठवं मत माझं. आणि माझ्या आजाचं नाव बुध्या आहे.

*

आमच्याकडे, म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, माझ्या आजाच्या पिढीत वारावरून नाव ठेवणं अगदी साधी गोष्ट होती. सोमवारी जन्मला तो सोम्या, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या, शुक्रवारी शुक्र्या. मुली सोमी, मंगळी, बुधी. पंचांग नको, पुस्तक नको. बाळ आलं तो दिवस हेच बाळाचं नाव.

मग शाळा आली. माझा बाप मंगळ्या. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी त्याचा ‘मंगेश’ केला आणि जन्मतारीख लिहिली १ जून. गावाकडच्या अनेकांच्या दाखल्यावर ही १ जून सापडेल. शाळेत घालण्यासाठी सोयीची तारीख. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना वाटलं, पोराचं भलं होईल. झालंही असेल. पण माझा बाप दोन माणसं होऊन जगला. कागदावर मंगेश, पाड्यावर मंगळ्या. माझ्यापर्यंत येईतो दुरुस्तीची गरजच उरली नाही. मला जन्मापासूनच टीव्हीवरच्या मालिकेतलं नाव मिळालं.

मराठीत ‘-या’ हा प्रत्यय मोठा बेरकी आहे. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या. मित्राने हाक मारली तर माया, साहेबाने मारली तर अपमान. पण गण्यामागे गणेश उभा असतो. वेळ पडली तर तो शर्टाची बटणं लावून पुढे येतो. बुध्याच्या मागे कुणी नाही. तालुक्याच्या कचेरीत आजाला कितीदा तरी विचारलं गेलंय, “पूर्ण नाव सांगा.” बुध्याचं पूर्ण नाव बुध्याच आहे. ऐकणाऱ्याला ते अर्धं वाटतं. आणि अर्धं नाव माणसाला शोभत नाही, कुत्र्याला चालून जातं.

*

त्या रात्री मी स्वतःशी नीट वाद घालायचा प्रयत्न केला. कोडमधला दोष शोधताना करतो तसा, एकेक शक्यता बाजूला काढत.

माणसाचं नाव कुत्र्याला दिलं म्हणून वाईट वाटलं का? नाही. राजा हे माणसाचंही नाव आहे, मोती हेही. गल्लोगल्ली रॉकी आणि मॅक्स आहेत, आणि त्याच नावाची माणसं जगात आहेत. कुणाचं काही अडत नाही.

मग कुत्रा हलका म्हणून? तसंही म्हणता येत नाही. खंडोबाजवळ कुत्रा असतो, आणि त्याचे भक्त स्वतःला ‘वाघ्या’ म्हणवतात. देवाचा कुत्रा होणं हे त्यांचं व्रत. जुन्या काळी वाघ्ये भुंकून, कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं खाऊन ही सेवा करत. म्हणजे या मातीत माणसांनी कुत्र्याची ओळख भक्ती म्हणून अंगावर घेतली आहे. पण ती त्यांनी आपणहून घेतली, हे विसरायचं नाही.

त्यांना माहीत होतं आणि मुद्दाम केलं? छे. मी आजाचं नाव ऑफिसात कधी काढलंच नव्हतं.

उरली एकच शक्यता. ते नाव ऐकताक्षणी सात सुशिक्षित, भल्या माणसांना हसू आलं. हे एखाद्या माणसाचं नाव असू शकेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आपण त्या दिवशी जिथे चहा प्यायलो, तिथे दोन-चार बुध्या आसपास असतील, हेही नाही. मला कुत्र्याचा राग नव्हता. मला त्या हसण्यात आजाचं नाव माणसांच्या यादीतून गळालेलं दिसलं.

आणि ते गाळणाऱ्या आठ मतांत एक मत माझं होतं.

*

आपल्या भाषेत एका अनुस्वाराने केवढा घोळ केलाय बघा. ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं. ‘नावं ठेवणं’ म्हणजे निंदा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करण्याची कला फार जुनी आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं किळस येईल असं. म्हणजे माणूस काय करतो हे बघायच्या आधीच, पाळण्यात, त्याची जागा ठरवायची.

डॅनियल डेफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ सालची. क्रूसो बेटावर एका माणसाचा जीव वाचवतो आणि तो वार शुक्रवार होता म्हणून त्याला ‘फ्रायडे’ म्हणू लागतो. त्या माणसाला आधीपासून काही नाव असेल, हे तो विचारतच नाही. स्वतःची ओळख मात्र ‘मास्टर’ अशी करून देतो. आमच्या गाडीतला विनोद त्या पुस्तकावर होता, आणि विनोद करणाऱ्याला कल्पनाही नव्हती की तो किती नेमका आहे. फ्रायडे आणि शुक्र्या, दोन्ही वारांचीच नावं. फरक इतकाच की शुक्र्याचं नाव त्याच्या आईने ठेवलं.

पण याच्या उलटही घडतं. धोंडू, दगडू, केरू ही मराठी नावं आठवा. घरात मुलं जगत नसली की पुढच्या बाळाचं नाव मुद्दाम असं ठेवायचे, म्हणजे मृत्यूला वाटावं, हा तर दगड, हा तर केर, याला नेऊन काय करायचं. शब्द तिरस्काराचा, आणि त्यामागे काळजाचा थरकाप. म्हणून नाव चांगलं की वाईट, हे शब्दकोशात सापडत नाही. कोण ठेवतंय, कुणाचं ठेवतंय आणि ठेवताना कुठे उभं आहे, हे बघावं लागतं.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे की संगणकाच्या कामात खरोखर अवघड गोष्टी मोजक्याच, आणि नाव देणं ही त्यातली एक. २०२० मध्ये गिटहबने नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचं ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘मेन’ केलं. गुलामगिरीची आठवण देणारे शब्द नकोत, म्हणून. आम्ही स्क्रिप्ट दुरुस्त करताना कुरकुरलो होतो; नावाने काय फरक पडतो, असं मीही म्हणालो होतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गावोगावच्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. नावाने काय फरक पडतो, हे अशा वस्तीचा पत्ता फॉर्मवर लिहिणाऱ्यालाच विचारावं.

*

आता कुत्र्याची बाजू. कारण या सगळ्यात त्या पिल्लाला कुणी काही विचारलं नव्हतं.

योगायोग असा की तो दिवस सर्वपित्री अमावस्येचा होता. श्राद्धात कुत्र्यासाठी काढलेला घास यमाच्या दोन कुत्र्यांच्या नावाने असतो: श्याम आणि शबल. नावं भारदस्त वाटतात, पण अर्थ बघा. श्याम म्हणजे काळा, शबल म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. म्हणजे साक्षात यमाच्या दारातही काळू आणि ठिपक्याच बसलेत.

महाभारतात युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालणाऱ्या कुत्र्याला तर नावच नाही. त्याला सोडून स्वर्गात ये, असं इंद्र म्हणतो आणि युधिष्ठिर नकार देतो. त्याचं कर्तव्य नावावर अवलंबून नव्हतं. तो सोबत आला होता, एवढं पुरेसं होतं. आमच्या पाड्यावरही बरेच कुत्रे असेच बिननावाचे. यू यू केलं की येतात, नागलीची भाकरी खातात, रात्री बिबट्याची चाहूल लागली की ओरडतात. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात तेव्हा कुत्रे मागे राहतात, आणि माणसं परतली की ओळखतात.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेविनास दुसऱ्या महायुद्धात नाझींचा युद्धकैदी होता. ज्यू कैद्यांच्या त्याच्या तुकडीकडे पहारेकरी आणि येणारेजाणारे माणूस म्हणून बघत नसत. तिथे एक भटका कुत्रा येऊ लागला. कैद्यांनी त्याचं नाव ठेवलं बॉबी. कामावरून परतताना तो आनंदाने उड्या मारत भुंकायचा. त्याच्या दृष्टीने ही माणसंच होती, यात शंका नव्हती. पुढे १९७५ मध्ये लेविनासने या कुत्र्याच्या नावावर एक छोटा निबंध लिहिला. ज्यांची नावं पुसली गेली होती, त्यांनी कुत्र्याला नाव दिलं, आणि कुत्र्याने त्यांना त्यांचं माणूसपण परत दिलं.

म्हणजे नाव ही देवाणघेवाण असते. बॉबीच्या बाबतीत दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं. आमच्या पोलमध्ये पिल्लाला नाव मिळालं, आम्हाला हसू मिळालं, आणि बिल गेलं तिसऱ्याच माणसाच्या नावावर.

*

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजाला सगळं सांगितलं. माझ्या मतासकट. तो नागलीच्या कणसांजवळ बसला होता. त्याचं बोलणं आमच्या बोलीतलं, मी इथे साध्या मराठीत देतोय.

“बुधवारीच नेला ना?”

“हो.”

“मग बरोबर आहे.”

मला हे उत्तर नको होतं. मी म्हटलं, “आजा, ते हसले.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ते हसले, त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.” आणि पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “हाक मारली की येतो का?”

ठाण्याला परतल्यावर मी त्या सहकाऱ्याला गाठलं आणि आजाचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. “सॉरी यार. आजच बदलतो. सिंबा करून टाकतो.” तोवर एक महिना होऊन गेला होता. पिल्लू ‘बुध्या’ ऐकलं की दोन्ही कान टवकारायचं.

आणि इथे माझी पंचाईत झाली. बदल म्हणालो असतो, तर पुन्हा तेच झालं असतं जे शाळेत झालं होतं. बुध्या हे नाव कुत्र्यालाही नको म्हणून सिंबा, माणसाला नको म्हणून मंगेश. ठेव म्हणालो असतो, तर ते हसू तसंच राहिलं असतं. मी बराच वेळ विचार करून म्हटलं, “नाव राहू दे. पण ते का ठेवलं, हे कुणी विचारलं तर वार सांगू नकोस फक्त. आमच्याकडे माणसांची अशी नावं असतात, हेही सांग.” त्याच रात्री मी ग्रुपवर सगळी हकिकत लिहिली. पोलमध्ये मीही मत दिलं होतं, हेही लिहिलं. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकीने लिहिलं, “तुझ्या बाबांचं नाव काय?” मी कागदावरचं नाव टाइप केलं, खोडलं, आणि ‘मंगळ्या’ लिहिलं.

मी योग्य केलं का, हे मला आजही ठाम सांगता येत नाही. नाव बदलायला हवं होतं, असं वाटणारा एखादा बुध्या नक्की असेल, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसेल. मला एवढंच कळलं की दुसऱ्याच्या हसण्यापेक्षा माझं गप्प बसणं जास्त जुनं होतं. ते पोलच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

मागच्या महिन्यात त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. तिथून आजाला व्हिडिओ कॉल लावला, पिल्लू दाखवायला. पिल्लू कसलं, आता चांगला दांडगा झालाय. दुसरा कान अजून पडलेलाच. तो सोफ्याखाली जाऊन बसला होता. सहकाऱ्याच्या आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, “बुध्या, ये रे!”

फोनमधून आजा म्हणाला, “ओ!”

मावशी गोंधळून बाहेर आल्या. मी त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “नमस्कार बुध्याभाऊ. जेवलात का?”