कित्ता



५ सप्टेंबर हा आपल्या देशात शिक्षक दिन. त्याच तारखेला १९९७ साली मदर तेरेसा प्रभूघरी गेल्या, म्हणून ख्रिस्तसभेत हा त्यांचा सण. सेवाकार्यासाठी वस्तीत उतरण्यापूर्वी मदर कोलकात्यात एंटाली येथील सेंट मेरी शाळेत शिक्षिका होत्या आणि १९४४ साली मुख्याध्यापिका झाल्या, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. हे निमित्त धरून आपल्या धर्मग्रामातील शिक्षक-शिक्षिकांशी दोन शब्द बोलावेत असे आम्हांला वाटते. सकाळी कोपर स्थानकावर धावतपळत गाडी गाठणारे, संध्याकाळी वह्यांचे गठ्ठे घेऊन परतणारे हे लोक रविवारी आपल्याच शेजारी बाकावर बसतात.

परंतु त्यांना काही सांगण्याआधी आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

धर्मगुरुपदाच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही प्रथम कम्युनियनचा वर्ग घेत होतो. एका मुलाला आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायला उभे केले. तो बोलताना अडखळत असे. पहिल्याच शब्दाला तो थांबला. मागून कोणीतरी त्याची नक्कल केली, वर्ग हसला आणि आम्हीही किंचित हसलो. त्यानंतर त्याला काहीही विचारले की तो एकच उत्तर देई, “येत नाही.” त्याला सारे येत होते. हसू होण्यापेक्षा अडाणी ठरलेले बरे, हा धडा त्याने आमच्याकडून घेतला. उरलेल्या मुलांनीही एक धडा घेतला : अडखळणाऱ्याला हसायला फादरांची हरकत नाही. त्या दिवशीचा आमचा विषय होता शेजारप्रीती.

मराठी बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात (२:२१) एक शब्द आला आहे, ‘कित्ता’. ख्रिस्ताने आपल्याला कित्ता घालून दिला, असे पेत्र म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच : मुलाने गिरवावे म्हणून गुरुजींनी लिहून दिलेले अक्षर. हा कित्ता कोणता, तेही पेत्र लगेच सांगतो. प्रभूची निंदा झाली, पण त्याने उलट निंदा केली नाही. कित्ता समजावून सांगायचा नसतो, तो डोळ्यांसमोर असावा लागतो. गुरुजींचे अक्षर वाकडे असेल तर सुवाच्य अक्षरावरचे त्यांचे व्याख्यान काय कामाचे? मूल गिरवते ते समोर असलेले अक्षर.

म्हणूनच शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने आधी पंचा कमरेला बांधला, शिष्यांचे पाय धुतले आणि मग अर्थ सांगितला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, पसरलेली अंथरुणे आवरणे, मळके कपडे धुऊन ठेवणे, हे ते न बोलता करीत. मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपणच करू लागली. गुरुजी ख्रिस्ती नव्हते, पण वरच्या माडीवरचा तो पंचा त्यांच्या कमरेला होता, असे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही.

कोणी म्हणेल, “फादर, साठ मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम संपवायच्या घाईत दया कुठून आणायची?” प्रश्न खरा आहे. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने संत ऑगस्टीनकडे अशीच तक्रार केली होती की, तेच तेच शिकवून आपल्यालाच कंटाळा येतो. उत्तरादाखल ऑगस्टीनने एक पुस्तकच लिहिले. त्यात एक साधी सूचना आहे : ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला द्या. केवढा मोठा तत्त्वज्ञ, आणि सांगतो काय, तर खुर्ची द्या! दया म्हणजे बहुधा एवढेच असते. अडखळणाऱ्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणे. फी राहिलेल्या मुलाचे नाव वर्गात मोठ्याने न वाचणे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे. पण कायदा फक्त छडी खाली ठेवायला लावतो. नजरेतला तिटकारा आपला आपणच खाली ठेवावा लागतो. शिस्त हवीच, चुकीला चूक म्हणायलाच हवे. मात्र मुलाला चूक म्हणू नये.

त्या मुलाची क्षमा मागायला आम्हांला दोन रविवार लागले. अहंकार आड येत होता. तिसऱ्या रविवारी आम्ही वर्गासमोर म्हणालो, “त्या दिवशी फादर हसले, ते चुकले.” मुले गप्प झाली. तो मुलगा काही लगेच बोलू लागला नाही. पण पुढे दुसरे कोणी अडखळले तेव्हा वर्ग हसला नाही. प्रथम कम्युनियनच्या दिवशी तो आमच्यासमोर आला. आम्ही थांबलो. त्यानेही वेळ घेतला आणि स्पष्ट म्हटले, “आमेन.”

आईवडिलांनो, घर हाही वर्गच आहे. या आठवड्यात आपण प्रत्येकाने एका तरी अडखळणाऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेऊया. आपल्या शिक्षकांसाठी रोज एक ‘नमो मरिया’ म्हणूया. गुरूंचा गुरू प्रभू येशू आपल्या सर्वांचा हात धरून आपला कित्ता आपल्याकडून गिरवून घेवो.

आपले धर्मगुरू