बाळ गप्प झालं तेव्हा

॥ श्री गुरुदेव ॥



मागच्या गुरुवारी नामस्मरण झाल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "वाट पाहणं ही श्रद्धा कधी आणि आळस कधी, हे ओळखायचं कसं?" तेव्हा प्रसाद वाटायची घाई होती, उत्तर राहून गेलं. खरं सांगायचं तर मला उत्तर द्यायचा धीरही नव्हता, कारण याच प्रश्नावर यंदा आमच्या घरी मी चुकले होते. म्हणून आज सेवेच्या निमित्ताने लिहून टाकते.

माझा नातू सातव्या महिन्यात बडबडायला लागला. "बाबाबा, दादादा" असं सकाळपासून सुरू. आमच्या सासूबाई पंच्याऐंशीच्या, त्या म्हणायच्या की घरात पुन्हा पारायण बसलंय. नवव्या महिन्यात त्याला सर्दी झाली, ती बरी झाली, आणि हळूहळू बडबड कमी होत गेली. मग एक दिवस लक्षात आलं की घर शांत आहे. हसायचा, खेळायचा, रडायचा, पण ते "बाबाबा" काही येईना. असे तीन आठवडे गेले.

सून म्हणाली, कान दाखवून येऊ. मी म्हटलं, अगं काही नाही, तुझा नवरा दीड वर्षाचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, घरात मराठी, बाहेर गुजराती, टीव्हीवर हिंदी, पोर गोंधळणार नाही तर काय! (हे खरं नाही, पुढे डॉक्टरांनी सांगितलं. दोन-तीन भाषांनी मूल मुकं होत नाही. आमच्या बडोद्यातली मराठी घरं किती पिढ्या असंच बोलत आलीत.) सासूबाईंनी वेखंड उगाळायला काढलं. एवढ्याशा बाळाला वेखंड चाटवू नका, उलट्या होतात, हेही नंतर कळलं.

सून ऐकेना, तेव्हा मी शास्त्र काढलं. आपण प्रवचनात ऐकतोच, वाणी चार, परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. ऐकू येणारी वैखरी सगळ्यात शेवटची. मी तिला समजावलं की त्याची वाणी आत तयार होते आहे, तू बाहेर कशाला शोधतेस? ती हळूच म्हणाली, "आई, ते मला मान्य आहे. पण आपलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतंय का, हे कुठली वाणी सांगणार?"

मला राग आला. रागाचं कारण मी नंतर खूप शोधलं. तिचं म्हणणं चुकीचं वाटलं म्हणून राग नव्हता आला. काही वाईट निघालं तर, या विचाराकडे मला बघायचंच नव्हतं, आणि न बघण्याला मी श्रद्धा हे नाव दिलं होतं. वर ते नाव महाराजांच्या घरातलं, म्हणजे समोरच्याला बोलायची सोयच नाही.

माझ्याकडे पुरावेही होते हो. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती, त्यात तो पास. एकदा ओट्यावरून झाकण पडलं तर दचकला. तान्हेपणी हुंकार तर किती द्यायचा! यातलं काहीच पुरेसं नव्हतं. जन्माच्या वेळी चांगले असलेले कान पुढे बिघडू शकतात. झाकणाचा आवाज ऐकू येतो म्हणून आईचं हळू बोलणं ऐकू येतं असं नाही. आणि दोन-तीन महिन्यांचे हुंकार जन्मतः बहिरं बाळही देतं. साधारण सहा ते दहा महिन्यांत येते ती "बाबाबा"ची बडबड मात्र ऐकण्यावर उभी असते. बाळ आपलं ऐकतं, स्वतःचंही ऐकतं, आणि त्यातून अक्षर घोटतं. म्हणून ती थांबली तर विचारावं लागतं.

(एक गोष्ट मला फार आवडली. 1991 साली लॉरा पेटिटो या संशोधक बाईंनी दाखवलं की खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं हातांनी बडबड करतात. म्हणजे भाषा काही घशात अडकलेली नाही.)

शेवटी सून एकटीच गेली. मी तोंड फुगवून घरी. डॉक्टरांनी पाहिलं तर सर्दीनंतर दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. पाण्यात डोकं बुडवून बाहेरचं बोलणं ऐकलं तर जसं येईल तसं त्याला आमचं बोलणं येत होतं. लहान मुलांत हे पुष्कळदा होतं आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत आपोआप जातं, पण लक्ष ठेवावं लागतं. आमचं गेलं. सहा आठवड्यांनी कान साफ निघाले.

आता इथे कोणी म्हणेल, बघा, आपोआप गेलंच ना, म्हणजे तुमचं थांबणं बरोबर होतं. मीही स्वतःला हे सांगून पाहिलं, पण पटत नाही. पाणी आपोआप जाणार हे पाहिल्यावर कळलं, न पाहता नाही. न पाहता मी जे म्हणत होते तो अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला तरी अंदाजच.

बडबडीत सगळेच खंड काळजीचे असतात असंही नाही. माझ्या मुलीची मुलगी पावलं टाकायला लागली तेव्हा आठवडाभर जवळजवळ गप्प होती, सगळा जीव पायात. एक आवाज सोडून मूल दुसऱ्याच्या मागे लागतं, तेव्हाही मध्ये शांतता येते. अशा वेळी हाक मारली की बाळ वळतं, डोळ्यांत बघतं, बोट दाखवतं. पण वर्षापर्यंत बडबड नाही किंवा खुणा नाहीत, 16 महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं गेलं, तर घरच्या आजीला विचारत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आजी म्हणूनच सांगते.

अजून एक गोष्ट टोचते. तो गप्प झाल्यावर आम्हीही त्याच्याशी कमी बोलायला लागलो होतो. कोणी ठरवलं नव्हतं. उत्तर येईना म्हणून हाक मारणं कमी झालं. दोन-तीन महिन्यांचं बाळ हुंकार देतं आणि थांबतं, बघितलंय ना? ते आपली पाळी येऊ देतं. आपण बोललो की मग पुन्हा ते. अमेरिकेतले एडवर्ड ट्रोनिक यांनी 1970च्या दशकात आयांना दोन-तीन मिनिटं बाळासमोर नुसतं निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं होतं. बाळांनी हसून पाहिलं, हात पुढे केले, आवाज केले, आणि शेवटी तोंड फिरवलं. हे वाचल्यावर मला हातात मोबाईल धरलेला माझाच चेहरा दिसला.

आपण रोज मौनाला बसतो. तिथे शांत बसलं तरी कान जागे असतात, देव्हाऱ्यातली वातसुद्धा चुरचुरली की कळते. त्या तीन आठवड्यांत मी जी शांत होते ती तशी नव्हते. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच सापडलंय, आणि तेही अर्धंच असेल. दुसऱ्या कुणाला वेगळं सुचलं तर गटावर जरूर लिहा.

सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, तुम्ही नका मनाला लावून घेऊ," आणि चहा टाकला. सर्दी झाली की पाणी पुन्हा साचू शकतं, म्हणून पावसाळ्यानंतर कान परत दाखवायचे आहेत. ती तारीख मी कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, एकादशीच्या शेजारच्या चौकोनात. सोबत मी जाणार आहे. नातू आता सव्वा वर्षाचा आहे, आरतीत टाळी थांबली की एकटाच "बा" म्हणतो आणि सगळ्यांकडे बघत राहतो, आता कोण बोलतंय ते.

— एक सेविका, बडोदा